धूर, अग्नी आणि उलटं वाचन

मागच्या व्याख्यानात आपण अनुमान म्हणजे काय, ते पाहिलं. अनुमान चुकतं कसं, हा आजचा विषय. विचारातल्या चुकांच्या याद्या आजकाल पुष्कळ मिळतात. पंचवीस चुका, पन्नास चुका. वाचताना माणूस मान डोलावतो आणि संध्याकाळी त्यातल्याच चार करतो. म्हणून आज मी यादी देणार नाही. एकच चूक घेणार आहे आणि तिच्या मागे मागे जाणार आहे. ती स्वयंपाकघरापासून न्यायालयापर्यंत सगळीकडे भेटते, आणि तिच्यामुळे माणसं तुरुंगात गेली आहेत.

सुरुवात आपल्याकडच्याच उदाहरणापासून करू. न्यायदर्शनातलं सगळ्यांत जुनं, घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण तुम्हाला माहीत आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. कशावरून? जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी. स्वयंपाकघरात पाहिलं आहे. या 'जिथे जिथे, तिथे तिथे' संबंधाला व्याप्ती म्हणतात. इथपर्यंत ठीक. आता नैयायिक विचारतात, हेच उलटं म्हणता येईल का? जिथे जिथे अग्नी, तिथे तिथे धूर? पटकन 'हो' म्हणावंसं वाटतं. पण लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडाचा गोळा डोळ्यांसमोर आणा. अग्नी आहे, धूर नाही. मग अग्नीबरोबर धूर येतो कधी? सरपण ओलं असेल तेव्हा. या ओल्या सरपणाला ते 'उपाधी' म्हणतात, म्हणजे आपण न बोलता गृहीत धरलेली अट. 'अग्नी आहे म्हणून धूर आहे' हा हेतू त्यांच्या भाषेत सव्यभिचार. हेतू वाटतो, पण तो हेत्वाभास आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत पाच हेत्वाभास सांगितले आहेत, त्यांतला हा पहिला. बाकीचे चार आज बाजूला ठेवू.

मुद्दा इतकाच, की 'अ असेल तर ब' हे वाक्य उलटं वाचलं की वेगळंच वाक्य होतं. तुम्ही म्हणाल, सर, हे शाळेतल्या मुलालाही कळतं. कळतं ना? मग एक खेळ करू.

टेबलावर चार कार्डं आहेत. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला अक्षर आहे, दुसऱ्या बाजूला आकडा. तुम्हाला दिसतंय ते असं: 'अ', 'क', '४' आणि '७'. मी नियम सांगतो: एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा की खोटा, हे तपासायला कोणती कार्डं उलटावीच लागतील? कमीत कमी कार्डं. जरा थांबा, उत्तर मनाशी ठरवा. शेजारच्याला विचारू नका.

(सभागृहातून 'अ आणि चार' असे आवाज.)

हं. बहुतेक ठिकाणी हेच उत्तर येतं. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ साली हा प्रयोग मांडला, इंग्रजी अक्षरं घेऊन. तेव्हापासून तो जगभर झाला आहे, आणि बरोबर उत्तर देणारे नेहमी थोडेच निघतात. 'अ' उलटायचं, हे बरोबर. मागे विषम संख्या निघाली तर नियम मोडला. पण '४' कशाला? समजा, मागे 'क' निघाला. म्हणून काय झालं? व्यंजनाच्या मागे सम संख्या नसते, असं मी कुठे म्हटलं होतं? स्वर असेल तर सम, एवढंच म्हटलं होतं. तुम्ही ते 'सम असेल तर स्वर' असं उलटं वाचलंत. आणि जे उलटायलाच हवं, ते '७' राहून गेलं. त्याच्या मागे 'अ' निघाला, तर नियम कोसळतो.

आता गंमत बघा. हाच खेळ १९८२ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात ग्रिग्ज आणि कॉक्स या दोघांनी वेगळ्या रूपात दिला. बिअर पिणाऱ्याचं वय एकोणीसच्या वर असलं पाहिजे, हा नियम. कार्डांवर काय, तर एक बिअर पिणारा, एक कोक पिणारा, एक बावीस वर्षांचा, एक सोळा वर्षांचा. कोणाला तपासाल? बिअरवाल्याचं वय आणि सोळा वर्षांच्या पोराच्या हातातला ग्लास. बहुसंख्यांनी हे बिनचूक सांगितलं. बावीस वर्षांच्या माणसाला कोण विचारेल, बाबा रे तू काय पितोस म्हणून? म्हणजे तर्काची रचना तीच, पण प्रसंग ओळखीचा असला की डोकं चालतं आणि नुसती अक्षरं-आकडे आले की अडतं. यावरून माणूस मूर्ख आहे असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो अपरिचित जागी चाचपडतो, इतकंच म्हणता येईल.

आणि उलटं वाचायची सवय आपल्याला भाषाच लावते. आई मुलाला म्हणते, "अभ्यास केलास तर सिनेमाला नेईन." मुलगा काय ऐकतो? नाही केला, तर नेणार नाही. आईलाही तेच सांगायचं असतं. तर्कशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे आईने असं काही म्हटलेलंच नाही! पण एखाद्या पोराने "आई, तू 'तर' म्हणालीस, 'तरच' नाही म्हणालीस" असा वाद घातला, तर त्याला सिनेमा नाही, धपाटा मिळेल. (हशा) घरात 'तर' म्हणजे 'तरच' हे चालतं, चालायलाच हवं. नाहीतर बोलणं अशक्य होईल. अडचण येते ती ही घरची सवय आपण दवाखान्यात आणि कोर्टात नेतो तेव्हा.

दवाखान्यापासून सुरू करू. समजा, एक आजार आहे, हजारात एकाला होणारा. त्याची एक तपासणी आहे. ज्याला आजार आहे त्याला ती अचूक पकडते. पण ज्यांना आजार नाही, अशांपैकी शंभरातल्या पाच जणांनाही ती चुकून 'आहे' म्हणते. आता एका माणसाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्याच्याबद्दल आणखी काहीच माहिती नाही. त्याला खरोखर आजार असण्याची शक्यता किती?

हा प्रश्न १९७८ साली हार्वर्डच्या वैद्यकीय वर्तुळातल्या साठ जणांना विचारला गेला होता. अनुभवी डॉक्टर, निवासी डॉक्टर, शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. सगळ्यांत जास्त आलेलं उत्तर होतं ९५ टक्के. बरोबर उत्तर देणारे निघाले अकरा. बरोबर उत्तर आहे साधारण दोन टक्के.

दोन टक्के! विश्वास बसत नाही ना? टक्केवारी सोडा, माणसं मोजू. एक हजार माणसं या मैदानात उभी करा. त्यातल्या एकाला आजार आहे, त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. उरले नऊशे नव्याण्णव निरोगी. त्यांच्यातल्या पाच टक्क्यांचा, म्हणजे जवळजवळ पन्नास जणांचा रिपोर्ट चुकून पॉझिटिव्ह. पॉझिटिव्हवाल्यांना वेगळ्या रांगेत उभं केलं, तर रांगेत एक्कावन्न माणसं, आणि त्यातला खरा आजारी एक. एक्कावन्नात एक म्हणजे दोन टक्के. संपलं गणित. यात कोणतंही सूत्र नाही.

'निरोगी माणसाचा रिपोर्ट चुकण्याची शक्यता पाच टक्के' हे वाक्य ९५ टक्के म्हणणाऱ्यांनी उलटं वाचलं: 'रिपोर्ट आलेला माणूस निरोगी असण्याची शक्यता पाच टक्के.' अग्नी आणि धूर. ओलं सरपण कोणतं? आजार मुळात किती दुर्मीळ आहे, हा आकडा. तो नजरेतून निसटला.

इथे एक धोका आहे, तो आत्ताच सांगून टाकतो. हे ऐकून घरी जाऊन कोणी म्हणेल, "रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, पण सर म्हणाले दोनच टक्के, जाऊ दे." असं करू नका. हजारात एक हा आकडा कुठल्याही त्रासाशिवाय, सरसकट तपासणी झालेल्या माणसाचा होता. तुम्हाला लक्षणं असतील, घराण्यात आजार असेल, डॉक्टरांना संशय आला म्हणून त्यांनी तपासणी सांगितली असेल, तर तुम्ही त्या हजारांच्या मैदानात उभेच नाही. तुमचं मैदान वेगळं, कदाचित चारांत एकाचं. तोच रिपोर्ट तिथे फार वेगळं बोलतो. व्यवहारातही हे पाळलं जातं. आपल्याकडे एचआयव्हीच्या चाचणीसाठी नॅकोची पद्धत अशी राहिली आहे, की लक्षणं असलेल्या व्यक्तीचं निदान दोन वेगवेगळ्या चाचण्यांनी नक्की करायचं आणि लक्षणं नसलेल्याचं तीन चाचण्यांनी. यंत्र तेच, रक्त तसंच, पण माणूस कोणत्या गटातून आला यावर पुराव्याची मागणी बदलते. म्हणून डॉक्टरांना प्रश्न विचारायचा तो असा: "माझ्यासारख्या शंभर जणांचा असा रिपोर्ट आला, तर त्यांतल्या किती जणांना खरंच हा आजार निघतो?" 'तपासणी किती टक्के अचूक आहे' असं विचारलंत, तर उत्तर मिळेल, पण ते तुमच्या प्रश्नाचं नसेल.

आता कोर्टात जाऊ. इथे मी थोडा वेळ घेणार आहे.

इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क नावाच्या एक वकील बाई होत्या. डिसेंबर १९९६ मध्ये त्यांचा पहिला मुलगा अकरा आठवड्यांचा असताना अचानक गेला. दुसरा मुलगा झाला, तोही जानेवारी १९९८ मध्ये आठ आठवड्यांचा असताना गेला. दोन्ही वेळा बाळाजवळ बाई एकट्याच होत्या. त्यांच्यावर दोन्ही मुलांच्या खुनाचा आरोप ठेवण्यात आला.

वरवर निरोगी दिसणारं तान्हं बाळ झोपेत दगावतं आणि कारण सापडत नाही, असं घडतं. खटल्यात बालरोगतज्ज्ञ सर रॉय मेडो यांनी साक्ष दिली. अशा कुटुंबात, म्हणजे सिगारेट न ओढणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी, आई अगदी लहान वयाची नाही, अशा कुटुंबात एक मूल असं दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक. मग दोन मुलं दगावण्याची? ८,५४३ गुणिले ८,५४३. सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. देशातल्या जन्मांची संख्या पाहता असं शंभर वर्षांत एकदा घडेल, असंही ज्यूरीला सांगण्यात आलं. नोव्हेंबर १९९९ मध्ये ज्यूरीने दहा विरुद्ध दोन अशा मतांनी बाईंना दोषी ठरवलं. जन्मठेप.

या गणितात दोन चुका आहेत. पहिली गुणाकाराची. नाणं दोनदा उडवलं तर गुणाकार करता येतो, कारण पहिल्या वेळी काय पडलं हे नाण्याला ठाऊक नसतं. दोन सख्खी भावंडं म्हणजे दोन नाणी आहेत का? आईबाप एक, घर एक, रक्त एक. पहिल्याच्या मृत्यूमागे आनुवंशिक कारण असेल, तर दुसऱ्यालाही धोका वाढतो. पुढे २००३ मध्ये भारतीय वंशाच्या एका फार्मासिस्ट बाईंवर तीन बाळांच्या खुनाचा खटला चालला. तेव्हा त्यांची आजी भारतातून साक्षीला गेली आणि दुभाष्यामार्फत तिने सांगितलं, की तिची स्वतःची पाच मुलं तान्हेपणीच गेली होती. त्या बाई निर्दोष सुटल्या. आपल्याकडच्या कोणत्याही आजीला हे सांगावं लागलं नसतं, की 'एका घरात एक मूल गेलं म्हणजे दुसरं सुरक्षित' असा काही हिशोब नसतो.

दुसरी चूक आपली आजची. घटकाभर तो ७ कोटी ३० लाखांचा आकडा बरोबर आहे, असं धरून चाला. तो काय सांगतो? आई निर्दोष असेल, तर दोन मुलं अशी दगावण्याची शक्यता इतकी कमी. ऐकणाऱ्याच्या कानात काय शिरतं? दोन मुलं अशी दगावली असतील, तर आई निर्दोष असण्याची शक्यता इतकी कमी. धूर आणि अग्नीची अदलाबदल झाली. तुम्हाला वाटेल, शब्दांचा खेळ आहे. मग लॉटरीकडे बघा. महाराष्ट्र राज्य लॉटरीचं पहिलं बक्षीस प्रामाणिकपणे तिकीट काढणाऱ्या एखाद्या ठरावीक माणसाला लागण्याची शक्यता लाखांत एक धरा. बक्षीस एका शेजाऱ्याला लागलं. म्हणजे त्याने लबाडी केली असण्याची शक्यता ९९,९९९ विरुद्ध एक? असा तर्क केलात तर प्रत्येक सोडतीनंतर एकाला अटक करावी लागेल.

मग बरोबर प्रश्न कोणता? दोन बाळं गेलेली आहेत, हे तर घडून गेलं. त्याची शक्यता आता कोणी विचारत नाही. प्रश्न असा, की या घटनेची जी स्पष्टीकरणं आहेत, त्यांत कोणतं जास्त संभवनीय? दोन्ही बाळं नैसर्गिक कारणाने जाणं दुर्मीळ आहे, कबूल. पण आईने आपल्या दोन्ही तान्ह्या बाळांना एकामागून एक मारणं, हे किती दुर्मीळ आहे? हा आकडा ज्यूरीपुढे आलाच नाही. एका पारड्यात दगड ठेवला आणि दुसरं पारडं रिकामं ठेवून तराजू वाचला.

न्याय्य बोलायचं तर हेही सांगितलं पाहिजे, की खटला केवळ या आकड्यावर उभा नव्हता, वैद्यकीय पुरावेही मांडले गेले होते. २००० साली पहिलं अपील फेटाळताना न्यायालयाने आकड्याला फारसं महत्त्व नव्हतं, असंच म्हटलं. मला ते पटत नाही. ७ कोटी ३० लाख हा आकडा एकदा कानावर पडल्यावर बारा सामान्य माणसं तो विसरून बाकीचा पुरावा तोलतील? ऑक्टोबर २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर निवेदन काढून या आकड्याला संख्याशास्त्रीय आधार नाही, असं सांगितलं. पुढे उघड झालं, की दुसऱ्या बाळाच्या शरीरात जंतुसंसर्ग दाखवणारे प्रयोगशाळेचे अहवाल होते आणि ते बचाव पक्षाला दिलेच गेले नव्हते. जानेवारी २००३ मध्ये, तीन वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढल्यावर, शिक्षा रद्द झाली. २००७ मध्ये सॅली क्लार्क वारल्या, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी.

इंग्लंडचं उदाहरण दिलं म्हणून ती परक्यांची चूक, असं समजू नका. आपल्याकडे ही चूक चक्क कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसली होती. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो वाढत वाढत देशभर गेला. विचार असा: पकडलेल्या चोरांत अमुक जमातीचे लोक दिसतात, म्हणून त्या जमातीचे लोक चोर. धूर आहे म्हणून अग्नी, आणि लगेच अग्नी आहे म्हणून धूर. पारधी, भामटा, कैकाडी अशा कितीतरी समाजांची माणसं जन्मानेच नोंदवहीत गेली. पोलिसांकडे हजेरी लावायची, गाव सोडायला पास लागायचा. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाची वसाहत होती, लोक तिला सेटलमेंट म्हणतात. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, 'विमुक्त' हा शब्द तिथून आला. संशय मात्र रद्द झाला नाही; लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि इथे ही चूक स्वतःलाच खाऊ घालते, ते नीट बघा. चोरी झाली की पोलीस आधी कुठे जातात? पारध्यांच्या पालावर. जिथे शोधणार, तिथलीच माणसं सापडणार. सापडली, की नोंद होणार. पुढच्या वेळी नोंद बघून म्हणणार, बघा, पकडलेल्यांत हेच जास्त. जिथे कोणी शोधलंच नाही, तिथला आकडा कोऱ्या कागदासारखा निष्पाप.

एक श्रोत्या: सर, पण घरातून अंगठी गेली, तर कामवाल्या बाईंवर संशय येणं स्वाभाविक नाही का? घरात बाहेरचं दुसरं कोणी आलेलंच नसतं.

प्रश्न चांगला विचारलात. स्वाभाविक आहे, मी नाही म्हणत नाही. पण आपण आत्ता केलं तसं करू. 'बाईंनी घेतली असती, तर अंगठी दिसली नसती.' खरं आहे. उलटं वाचू नका. अंगठी दिसत नाही, याची स्पष्टीकरणं मांडा आणि प्रत्येकाला माणसं मोजतो तसं मोजा. या घरात गेल्या दहा वर्षांत वस्तू दिसेनाशा किती वेळा झाल्या? चष्मा, किल्ल्या, बँकेचं पासबुक, धरा शंभर वेळा. त्यातल्या किती वेळा ती वस्तू उशीखाली, कपाटाच्या मागे, दुसऱ्या पर्समध्ये सापडली? तुम्ही हसताय, म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत आहे. दुसरं पारडं भरायचं म्हणजे हेच. आणि त्या बाई किती वर्षं येतायत? सहा वर्षं म्हणजे दोन हजार दिवस तरी झाले. त्या दोन हजार दिवसांत टेबलावर पडलेले पैसे जागच्या जागी राहिले, हाही पुरावाच की. पण जे घडलं नाही, त्याची नोंद कोण ठेवतं? ते '७' लिहिलेलं कार्ड आहे, तेच आपण उलटत नाही.

हे सगळं मोजूनही संशय उरला, तर तो उरू द्या. पण बाईंना विचारण्याआधी कपाट सरकवून बघा. अंगठी मागाहून सापडली, तरी एकदा विचारलेला प्रश्न परत घेता येत नाही.

वेळ झाली आहे. ज्यांना कार्डांचं उत्तर अजून पटलेलं नाही, त्यांनी घरी चार चिठ्ठ्या करून बघा, मागे स्वतःच्या हाताने आकडे लिहून. पुढच्या वेळी काकतालीय न्याय घेऊ: कावळा बसायला आणि फांदी मोडायला. तिथे गाडी कार्यकारणभावाकडे वळेल, आणि उपासतापास, औषधं, क्रिकेटचे कर्णधार, सगळेच त्यात सापडणार आहेत.